डेबूचा मामा

शाळेचा दाखला असो, सातबारा असो की परीक्षेचा अर्ज, मराठी माणसाचं नाव तीन पदरांचं असतं. पहिलं नाव आपलं, शेवटचं घराण्याचं, आणि मधलं बापाचं. बाप घरी असेल तर त्या मधल्या नावाकडे आपलं लक्षही जात नाही. पण ज्याचा बाप लवकर गेला, ज्याचा बाप दारूत बुडाला किंवा ज्याला आपला बाप कोण हेच ठाऊक नाही, त्या पोराला ती जागा प्रत्येक कागदावर नव्याने बोचते. महाराष्ट्र सरकारने आता १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं. तरी बापाच्या जागेचा प्रश्न उरतोच, आणि जगातल्या कितीतरी मोठ्या नायकांच्या गोष्टी नेमक्या या प्रश्नापासून सुरू होतात.

वऱ्हाडातली अशीच एक गोष्ट अमरावती जिल्ह्यात सुरू झाली, अकोला जिल्ह्यात वाढली आणि अमरावतीला परत येऊन थांबली. ती सांगण्याआधी थोडं लांब जाऊन येऊ.

पोरके नायक

फेब्रुवारी १९४० चा अंक म्हणून अमेरिकेत एक चित्रकथांचं मासिक निघालं. त्यात बिली बॅटसन नावाचा मुलगा पहिल्यांदा दिसला. आईबाप मेलेले. सख्ख्या काकाने पैशासाठी घराबाहेर काढलेलं. दिवसा वर्तमानपत्रं विकायची आणि रात्री भुयारी रेल्वेच्या स्टेशनात झोपायचं. एका रात्री त्या भुयारात त्याला एक म्हातारा जादूगार भेटतो. ‘शझाम’ हे त्याचं नाव उच्चारलं की बिलीचा क्षणात बलदंड नायक होतो. लेखक बिल पार्कर आणि चित्रकार सी. सी. बेक यांनी घडवलेला हा मुलगा पुढे लाखो मुलांचा लाडका झाला.

त्याच्या आसपासचे बाकीचे नायक पाहिले तर तेही पोरकेच आहेत. सुपरमॅनचा (१९३८) जन्मग्रहच नष्ट होतो आणि एक शेतकरी जोडपं त्याला वाढवतं. बॅटमॅनच्या (१९३९) डोळ्यांदेखत त्याचे आईवडील मारले जातात. रॉबिनचे (१९४०) आईवडील सर्कशीत झुल्यावरून पडून मरतात आणि बॅटमॅन त्याला जवळ घेतो. स्पायडरमॅनला (१९६२) वाढवणारा बेनकाका एका चोराच्या गोळीने जातो. यातल्या सुपरमॅनचा निर्माता जेरी सीगल याच्या स्वतःच्या आयुष्यात अशीच घटना घडली होती. क्लीव्हलंडमध्ये त्याच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. १९३२ साली त्या दुकानात चोर शिरले आणि त्या धक्क्याने वडिलांचं हृदय थांबलं. गोळी ज्याला भेदू शकत नाही असा माणूस बाप गमावलेल्या त्या पोराने पुढे कागदावर उभा केला. तो बापासाठीच होता का, हे कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मन गलबलून येतं.

नायक पोरकाच का असतो, याचा विचार ऑटो रांक या व्हिएन्नाच्या अभ्यासकाने १९०९ साली केला. त्याने जगभरच्या पुराणकथा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या. त्यात मोझेस होता, रोमचा रोम्युलस होता आणि आपला कर्णही होता. मूल टाकलं जातं, पाण्यात सोडलं जातं, साध्या माणसांच्या घरी वाढतं आणि एक दिवस आपण थोर कुळातले आहोत हे त्याला कळतं, असा साचा त्याला दिसला. त्याच्या मते यामागे प्रत्येक लहान मुलाचं एक स्वप्न असतं. आपले खरे आईबाप वेगळे, मोठे, सामर्थ्यवान असावेत, हे ते स्वप्न.

गोष्ट सांगणाऱ्याचीही एक सोय यात असते. घरी आईबाप असले तर ते पोराला रात्री राक्षसाशी लढायला जाऊ देणार नाहीत, म्हणून कथाकार आधी ते घर रिकामं करतो. पण मुलांना या कथा एवढ्या आवडतात त्याचं कारण आणखी साधं असावं. आईबाप नसतील तर माझं काय होईल, ही प्रत्येक मुलाच्या मनातली सगळ्यात मोठी भीती असते. तसं झालं तरी तू जगशील, एवढाच दिलासा या गोष्टी देतात.

शेंडगावचं घर

आता वऱ्हाडात येऊ. इथल्या नायकाच्या कुळात कसलंच गुपित नाही. तो राजाचा पोर निघत नाही आणि त्याला जादूगार भेटत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव आहे. तिथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात मुलगा जन्मला. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्याचं तीन पदरी नाव. आई सखुबाई. झिंगराजी दारूच्या आहारी गेला होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे देवाला बकरा कापायचा, भाऊबंदांना जेवू घालायचं आणि सोबत दारू वाहायची, हे सगळं कर्ज काढून चालायचं. त्यात घर गेलं, प्रकृती गेली आणि डेबू आठेक वर्षांचा असताना झिंगराजीही गेला.

एका माणसाच्या व्यसनाला तोच जबाबदार, असं म्हणून पुढे जाता येतं. पण त्या काळचं वऱ्हाड पाहिलं तर चित्र मोठं होतं. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. अकोला, अमरावती, खामगाव इथल्या बाजारपेठा फुगल्या. युद्ध संपलं तसा भावही उतरला. पण पीक हाती येण्याआधी पैसा उचलायची सवय तशीच राहिली. नव्या महसूल पद्धतीत जमीन गहाण टाकता येत होती, विकता येत होती, त्यामुळे सावकाराला तारण मिळालं. लिहिता-वाचता न येणारा कास्तकार आणि चोपडी हातात असलेला सावकार यांचा व्यवहार कुठे जाऊन थांबणार, हे आधीच ठरलेलं होतं. अमेरिकेतल्या युद्धाचे पडसाद वऱ्हाडातल्या अनेक घरांत असे उमटले.

दापुरेचा मामा

नवरा गेल्यावर सखुबाई डेबूला घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे तिचं माहेर, आजच्या अकोला जिल्ह्यात. तिथे डेबूचा आजा होता आणि चंद्रभानजी हा मामा होता. मामाची शेती बरी होती, गोठ्यात गुरं होती. डेबू गुरांमागे गेला. पुढे नांगर, वखर, पेरणी सगळं शिकला. गुरांची निगा राखणं त्याच्या विशेष आवडीचं होतं. रात्री गावातल्या भजनात बसायचा. अक्षर कुणी शिकवलं नाही, पण काम शिकवलं. पोटाला भाकर आणि हाताला काम देणारं घर त्याला मिळालं.

बिली बॅटसनला काकाने हाकललं आणि डेबूला मामाने घरात घेतलं. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. वडिलांकडच्या नात्यात वाटणी असते. पुतण्या हा वावरातला वाटेकरी असतो. आजोळच्या जमिनीवर भाच्याचा तसा हक्क नसे, म्हणून तिथली माया हिशेबाबाहेरची राहू शकत असे. पुराणातला कंसमामा सगळ्यांना माहीत आहे, पण आपल्या खेड्यांत बाप गेलेल्या पोरांना बहुधा मामांनीच सांभाळलं. चंद्रभानजीसारख्या मामांची चरित्रं कुणी लिहीत नाही. तरी डेबूची गोष्ट ज्या माणसामुळे पुढे गेली तो हाच.

अशा एका माणसाने किती फरक पडतो, हे एका दीर्घ अभ्यासाने दाखवून दिलं आहे. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या अभ्यासकांनी ती चाळिशीत जाईपर्यंत लक्ष ठेवलं. यातल्या सुमारे २१० मुलांच्या वाट्याला लहानपणीच एकाहून अधिक संकटं आली होती. गरिबी, घरातली भांडणं, बापाची किंवा आईची दारू, मानसिक आजार. या २१० मुलांपैकी ७२ मुलं, म्हणजे साधारण तीनांतलं एक, आत्मविश्वासाने उभी राहणारी आणि इतरांची काळजी घेणारी प्रौढ माणसं झाली. त्यांच्यात काय समान होतं हे पाहिलं, तेव्हा मुलांचा स्वभाव, घरात त्यांच्यावर सोपवलेली कामं अशा काही गोष्टी पुढे आल्या. पण सगळ्यांत ठळक होती ती एका भरवशाच्या माणसाची सोबत. हा माणूस आई किंवा बापच होता असं नाही. कुणाची आजी होती, कुणाची मावशी, थोरला भाऊ, शेजारी किंवा शाळेतला शिक्षक.

या अभ्यासाची दुसरी बाजूही विसरू नये. उरलेल्या दोन तृतीयांश मुलांना वाढत्या वयात त्रास झाला. दुःख माणसाला घडवतं, असं आपण सहज बोलून जातो. ते बहुतेकांना आधी मोडतं. मात्र त्या मोडलेल्यांतले बरेच जण तिशी-चाळिशीत सावरले, आणि त्यांना सावरायला पुढचं शिक्षण, चांगला जोडीदार किंवा एखादा समूह कामी आला. म्हणजे मामा कधी आठव्या वर्षी भेटतो, कधी तिसाव्या. उशीर झाला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही.

बापाचं काय करायचं?

बाप गेला तरी त्याच्या सवयी घराण्यात राहतात. १८९२ साली डेबूजीचं कुंताबाईशी लग्न झालं. पुढे मुलगी झाली. बारशाला भाऊबंद जमले. रीतीप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजीने गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंदांच्या नाराजीला न जुमानता त्याने ते निभावलं.

मला हा प्रसंग त्याच्या साऱ्या आयुष्यातला सगळ्यात धीराचा वाटतो. बापाचा राग करणं सोपं असतं. बापाची चाल निमूटपणे चालवणं त्याहून सोपं. आपल्या लेकीच्या पाळण्यासमोर उभं राहून ही चाल माझ्यापाशी थांबली, असं भरल्या पंक्तीत ठरवणं कठीण. त्या दिवशी डेबूजीने बापाचं नाव टाकलं नाही. ते ज्यात बुडालं होतं त्यातून त्याने ते बाहेर काढलं.

ज्या मामाने डेबूला घरात घेतलं होतं, त्याच्याच घरावर सावकार उतरला. भोळ्या विश्वासावर केलेल्या व्यवहारात चंद्रभानजीची जमीन गेली आणि त्या धसक्याने मामाही गेला. डेबूजीच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्यांदा उडालं. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा हा तरुण त्यांच्यासमोर उभा ठाकला, असं चरित्रांत येतं. गोष्ट इथे संपली असती तरी ती एका खमक्या शेतकऱ्याची गोष्ट झाली असती.

पण १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडलं. मागे म्हातारी आई, बायको आणि लेकरं होती. आपल्याला आदर वाटतो म्हणून ही गोष्ट झाकून पुढे जाऊ नये. बापाविना वाढलेल्या माणसाने आपल्या लेकरांनाही बापाविना ठेवलं. त्याचा भार कुंताबाईंनी वाहिला. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा गेला तेव्हाही डेबूजी दूर कोकणात कीर्तनाला होता. पुढे जे मोठं काम उभं राहिलं त्याच्या पायात त्या बाईची वर्षं आहेत, हे मानलं तरच डेबूजीचं मोठेपणही नीट दिसतं.

खराटा आणि गाडगं

त्यानंतर वऱ्हाडच्या गावागावांत एक माणूस दिसू लागला. अंगावर चिंध्या जोडून केलेला सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटकी बांगडी, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात फुटकं गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. सुपरहिरोच्या वेषाबद्दल आपण फार बोलतो. हा वेष तर उकिरड्यावरच्या टाकलेल्या वस्तूंचा होता, आणि टाकलेल्या माणसांना तो लगेच ओळखू आला.

बाबांच्या कीर्तनाचे विषय एका ओळीत मांडून पाहा. दारू पिऊ नका. देवापुढे मुकं जनावर कापू नका. कर्ज काढून सण आणि लग्न करू नका. पोटाला चिमटा घ्या, पण लेकरांना शाळेत घाला. यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी त्यांचा बाप नेला. पुढच्या दोन गोष्टींनी, म्हणजे कर्जाने आणि निरक्षरतेने, मामा नेला. आपण ज्याला समाजप्रबोधन म्हणतो ते एका पोराने आपल्या घरातल्या दोन मरणांतून शिकलेलं होतं. म्हणूनच ते शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईपर्यंत पोचत असे. बाबा व्याख्यान देत नसत. साध्या वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. प्रश्नाच्या मागे शेंडगावचं आणि दापुरेचं घर उभं असे.

देणगीच्या पैशातून त्यांनी पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधला. मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, पंढरपूर इथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतःच्या कुटुंबाला यातलं काही दिलं नाही. घर हरवलेल्या पोराने परक्यांसाठी छपरं उभारण्यात आयुष्य घातलं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांची प्राणज्योत मालवली. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. आज अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे आणि इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

त्यांच्या जीवनावर १९७७ साली ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट आला. डॉ. श्रीराम लागू त्यात गाडगेबाबा झाले होते. हे दोन शब्द बाबांच्या भजनामुळे वऱ्हाडात प्रत्येकाच्या ओठावर आहेत. त्यांचा अर्थ मात्र आपण सहसा थांबून पाहत नाही. देवकीनंदन म्हणजे जिने जन्म दिला त्या आईचा लेक. गोपाल म्हणजे दुसऱ्याच्या घरी वाढून गाई राखणारा पोर. जन्माचं घर आणि सांभाळणारं घर, दोन्ही एकाच हाकेत आली आहेत. दापुरेच्या कुरणात गुरं राखत वाढलेल्या डेबूला हे नाव जवळचं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

वझ्झरचे पापळकर

ही गोष्ट १९५६ साली संपली नाही. अमरावती जिल्ह्यातच, अचलपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर आहे. तिथे गाडगेबाबांच्या विचारांनी भारावलेले शंकरबाबा पापळकर दिव्यांग आणि बेवारस मुलांचं बालगृह चालवतात. स्टेशनवर, बसस्थानकावर, उकिरड्यावर सोडून दिलेली मुलं ठिकठिकाणांहून इथे आली. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाच्या बुद्धीची वाढ झाली नाही. अशा १२३ मुलांच्या कागदांवर शंकरबाबांनी वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं आणि पापळकर हे आडनाव दिलं. मधली जागा भरली. २०२४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली.

त्याच वर्षी या घरातल्या माला पापळकर हिचं नाव महाराष्ट्रभर झालं. ती दृष्टिहीन आहे. तान्ही असताना जळगावच्या रेल्वे स्टेशनवर कचऱ्याच्या डब्यात ती सापडली होती. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली. वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं ते योग्यच. पण तिच्या निकालात तिच्या मेहनतीइतकाच तिला वाचून दाखवणाऱ्या, शिकवणाऱ्या, सोबत जाणाऱ्या माणसांचा वाटा आहे. काउआईच्या अभ्यासाने जे आकड्यांत दाखवलं ते वझ्झरला माणसांत दिसतं.

शंकरबाबा एक मागणी वर्षानुवर्षं करत आले आहेत. अठरा वर्षं पूर्ण झाली की अनाथ मुलाने बालगृह सोडायचं, असा नियम आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्यानंतरच्या मदतीची तरतूद आहे, पण ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्याने अठराव्या वाढदिवसाला कुठे जायचं? दिव्यांग अनाथांना आयुष्यभर त्याच घरात राहू द्या, एवढंच ते मागतात. कोणता बाप अठराव्या वर्षी आंधळ्या लेकीला दाराबाहेर काढतो, या प्रश्नाला कायद्याने उत्तर द्यायला हवं.

वझ्झरच्या बाहेरही असे प्रश्न आहेत. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत नापिकीने आणि कर्जाने बाप हिरावलेली घरं आहेत. चंद्रभानजीच्या वाट्याला आलं ते सव्वाशे वर्षांनंतरही काही घरांच्या वाट्याला येतं. आई किंवा वडील गमावलेल्या, संकटात सापडलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिच्यात मूल संस्थेत न जाता घरीच, नात्यातल्या माणसांकडे राहू शकतं आणि दरमहा अनुदान मिळतं. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात त्यासाठी अर्ज करता येतो. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा फोन दिवसरात्र चालू असतो. ही माहिती ज्या घराला हवी असते तिथे बहुधा ती पोचलेली नसते. ती पोचवणं हेही मामाचंच काम आहे.

चित्रकथेतल्या बिलीकडे परत जाऊ. २०१९ च्या ‘शझाम’ चित्रपटात तो फिलाडेल्फियातल्या एका घरी येतो. ते घर चालवणारं जोडपं दुसऱ्यांची मुलं सांभाळत असतं. शेवटच्या लढाईत एकट्याची शक्ती पुरत नाही, तेव्हा तो ती त्या घरातल्या बाकीच्या मुलांना वाटून देतो आणि तेव्हाच जिंकतो. वऱ्हाडात हे आधीच घडून गेलं होतं. मामाकडून मिळालेलं डेबूने गावोगाव वाटलं, आणि त्यातलं थोडं वझ्झरच्या त्या १२३ मुलांपर्यंत पोचलं.

मराठीत ‘बाबा’ हा एकच शब्द आपण वडिलांना हाक मारायला वापरतो आणि संताच्या नावापुढेही लावतो. आठव्या वर्षी ज्याचा बाप गेला त्याला लोकांनी शेवटी हाच शब्द दिला. त्याचं पहिलं नाव मागे पडलं, आडनाव मागे पडलं आणि बाबा तेवढं राहिलं.